लोखंड वीस किलोचे, किंमत मात्र थाउची
इंदापूर-बारामतीच्या लेथवर घडणारे इंजिनबदलाचे सुटे भाग

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्येमध्ये पत्र्याच्या शेड दिसतात. कुठे वेल्डिंगची ठिणगी उडते, कुठे लेथचा पट्टा फिरतो. गळीत हंगामात या शेडमध्ये उभे राहायला जागा नसते. ट्रॉलीचा ॲक्सल मोडला, हब फाटला, हुक तुटला अशी कामे रांग लावून असतात आणि ट्रॅक्टरवाला डोक्यावर बसलेला असतो. पावसाळ्यात मात्र लेथ रिकामी होते. नेमके त्याच दिवसांत येथे एक वेगळे काम चालते. त्याची ओळख आम्ही आज वाचकांना करून देणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील अशाच एका शेडमध्ये आम्ही एक जुनी जीप पाहिली. पुढचा पत्रा काढलेला, चाके उतरवून चेसिस लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली, आणि इंजिन साखळीच्या चेनपुलीला लटकलेले. जीप १९७० च्या दशकातील, पेट्रोलवर चालणारी. पण लटकलेले इंजिन जीपचे नव्हते, ते मॅटॅडोरचे होते. हे लग्न १९९१ सालीच लागले होते आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद होती. आता मालकाच्या मुलाने शहरातल्या शौकिनांप्रमाणे ही जीप पुन्हा नवी करण्याचा ध्यास घेतला होता. गाडी चालत होती, पण चढावर दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडायची. तीन ठिकाणी गिअर बॉक्स खोलून झाला, दात बदलले, बेअरिंगे बदलली, तरी चार महिन्यांत दुखणे पुन्हा हजर. शेवटी गाडी आली ती गिअर बॉक्सच्या मिस्त्रीकडे नव्हे, लेथवाल्याकडे. आणि दुखणे तेथेच सापडले.

ज्यांना या गोष्टी नव्या आहेत त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागत गेले आणि डिझेल त्या मानाने बरेच स्वस्त राहिले. त्या वेळच्या पेट्रोल जीपचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे, 'हरिकेन' नावाचे. ताकद चांगली, पण तेल पिण्यात कोणाला हार न जाणारे. ज्यांच्या जीप रोज शेतात, बाजारात आणि वडापला धावत त्यांना हा खर्च झेपेना. दुसऱ्या बाजूला पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना होता. (२००५ पासून या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स आहे.) १९८० च्या दशकात तिने मॅटॅडोरला मर्सिडीज बनावटीचे २.४ लिटरचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बसवले. अपघातात गेलेल्या किंवा कुजलेल्या मॅटॅडोरचे इंजिन भंगारातून उचलायचे आणि जीपमध्ये घालायचे, हा मार्ग मग गावोगावच्या मिस्त्रींनी शोधला. महिंद्र कंपनीनेही त्याच काळात प्यूजो या फ्रेंच कंपनीशी करार करून इगतपुरीला डिझेल इंजिने बनवली आणि आपल्या जीपगाड्यांना बसवली. म्हणजे मिस्त्री जे शेडमध्ये करत होते तेच कंपनी कारखान्यात करत होती.

इंजिनबदल म्हणजे गावठी जुगाड, असे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रीमिअरची ११८ एनई ही मोटार आठवावी. १९८० च्या दशकात आलेल्या या गाडीची बॉडी इटलीच्या फिआटची आणि इंजिन जपानच्या निस्सानचे होते. कंटेसाची बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सॉलची; तिला आधी ॲम्बॅसेडरच्याच जातीचे आणि पुढे इसुझूचे इंजिन बसले. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद यांनीच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले, ही गोष्ट या भागातले लोक अभिमानाने सांगतात. वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनली, पुढे अणुवीज केंद्रांचे भाग आणि इस्रोच्या अग्निबाणांची कवचेही बनली. अशा कारखान्याच्या सावलीत जो टर्नर-फिटर वाढतो त्याला व्हर्निअर आणि मायक्रोमीटरची सवय लागते. या पंचक्रोशीतील लेथवर जो हात दिसतो त्याचे एक कारण आम्हाला हे वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एका कंपनीचे इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा गिअर बॉक्स एकमेकांना कधीच बसत नाहीत. बोल्टची भोके जुळत नाहीत, शाफ्टची लांबी जुळत नाही, क्लच प्लेटच्या आतले दाते जुळत नाहीत. म्हणून दोघांमध्ये एक जाड लोखंडी पाट घालावा लागतो. मिस्त्री त्याला नुसते 'प्लेट' म्हणतात. तिच्या एका अंगाला इंजिनची भोके, दुसऱ्या अंगाला जीपच्या क्लच हाउसिंगची. वरून पाहिले तर हे काम ड्रिल मशीनचे वाटते. खरे काम आहे मध्यबिंदूचे. इंजिनच्या क्रँकचा मध्य आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत, आणि येथे गजाने किंवा सुताने मोजून चालत नाही. येथे थाउ लागतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

शेडचे मालक वयाने साठीच्या पुढचे आहेत. सारा तालुका त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही तेच म्हणू. त्यांनी गिअर बॉक्स बाजूला ठेवला, रिकामे हाउसिंग प्लेटसह इंजिनला आवळले, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवले आणि त्याची सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला लावली. मग पुतण्याने क्रँक हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवली. सुई एकीकडे गेली आणि परत आली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांमध्ये फरक निघाला २६ थाउचा. खरी चूक याच्या निम्मी, म्हणजे १३ थाउ. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर एक तृतीयांश. डोळ्याला हे दिसणे शक्य नाही. या कामात सुईचा पूर्ण फरक ५ थाउच्या आत असावा असा दंडक आहे. येथे तो पाचपट होता. शाफ्ट दर फेऱ्याला वाकडा ओढला जात होता, टोकाचे पायलट बुश अंड्यासारखे झिजले होते, आणि गिअर बाहेर पडत होता. दात बदलून ते थांबणार कसे?

चूक का झाली तेही कळले. १९९१ साली प्लेट बनवणाऱ्याने तिला नुसत्या बोल्टने आवळले होते. बोल्टचे भोक बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर तरी मोठे असते, नाहीतर बोल्ट जाणारच नाही. तेवढ्या फटीत प्लेट कुठेही सरकू शकते. बोल्टचे काम आवळून धरायचे. जागा ठरवायचे काम डॉवेलचे, म्हणजे रीमर फिरवलेल्या भोकात घट्ट बसणाऱ्या गोल पिनांचे. त्या प्लेटला डॉवेलच नव्हते. शिवाय तिला खालच्या बाजूला एक तुकडा वेल्डिंगने जोडलेला होता आणि तो मशीनवर तासल्यानंतर जोडला होता. वेल्डिंगच्या उष्णतेने पाट थोडा मुरडला होता. चाचा म्हणाले, "आधी वेल्डिंग, मंग लेथ. उलटं केलं की मेहनत पाण्यात."

आमचाही या बाबतीतला एक जुना अनुभव आहे आणि तो सांगायला हरकत नाही. आमच्या घरच्या गाडीला वर्षांपूर्वी असेच दुसरे इंजिन बसवून घेतले होते. तेव्हा आम्ही भाव विचारला, दिवस विचारले, पण डायल गेज लावणार का हे विचारले नाही. ते विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. दीड वर्षात क्लच प्लेटचा हब दोनदा तडकला. त्या मिस्त्रीला आम्ही पुष्कळ बोल लावले. आज वाटते, घाई आमचीच होती.

या जीपसाठी नवी प्लेट करायचे ठरले. इंजिनच्या मागच्या तोंडाला काजळी आणि तेल चोपडून त्यावर जाड पुठ्ठा दाबला. कडा आणि भोके उमटली. तसाच छाप हाउसिंगचा घेतला. पण पुठ्ठ्यावरचा छाप हा फक्त नकाशा, माप नव्हे. प्रत्येक भोक मध्यबिंदूपासून किती अंतरावर आहे ते व्हर्निअरने दोनदा मोजून वहीत लिहिले. पुतण्या आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला. त्याने ती मापे संगणकावर काढून रेखाचित्र बनवले. आजकाल भोसरी-चाकणला असे चित्र पाठवले की लेझरने पाट कापून मिळतो, भोके तेवढी लहान ठेवून घ्यायची आणि शेवटचा हात रीमरने आपण मारायचा.

जाडी किती ठेवायची हा दुसरा प्रश्न. प्लेट पातळ झाली तर शाफ्टचे टोक क्रँकच्या तळाला जाऊन ठेकते आणि दोन्हीकडची बेअरिंगे खाते. जाड झाली तर टोक बुशमध्ये पुरेसे शिरत नाही आणि क्लच अर्धवट सुटतो. चाचांची रीत साधी. शाफ्टच्या टोकाला लुकणाचा गोळा चिकटवायचा, सगळे एकदा आवळायचे, पुन्हा खोलायचे आणि दबलेल्या लुकणाची जाडी मोजायची. त्यावरून १६ मिलिमीटर ठरले. पायलट बुश फॉस्फर ब्रॉन्झचे कातले. येथेही एक खुबी आहे. बुश क्रँकच्या भोकात दाबून बसवले की आतून थोडे आवळते, म्हणून आतले माप बसवल्यानंतरच रीमरने पूर्ण करायचे. क्लच प्लेट मॅटॅडोरच्या मापाची आणि तिच्या मधला हब जीपच्या दात्यांचा. तो रिव्हेट मारून बदलला.

हे चालू असताना जीपचे मालक आबा दिवसातून दोन वेळा येऊन उभे राहायचे. एकदा न राहवून म्हणाले, "चाचा, एका प्लेटीला एवढं दिस?" चाचांनी मान वर न करता उत्तर दिले, "आबा, प्लेट अर्ध्या दिसाची हाय. माप तीन दिसाचं हाय."

प्लेट आली तेव्हा पुन्हा डायल गेज चढले. पहिले वाचन ९ थाउ. बोल्ट थोडे सैल करून लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारायची, आवळायचे, पुन्हा क्रँक फिरवायची. सातव्या-आठव्या खेपेला सुई ४ थाउवर आली. तेथेच दोन ठिकाणी ड्रिल आणि रीमर मारून डॉवेल ठोकले. आता प्लेट कितीही वेळा काढली तरी परत त्याच जागी बसणार.

बाकीच्या भागांचे थोडक्यात सांगतो. चाचांनी गिअर बॉक्स त्याच्या मूळ जागेवरून हलू दिला नाही. तो सरकला की मागचा-पुढचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावे लागतात, आणि जोडताना दोन टोकांचे क्रॉस एका ओळीत आले नाहीत तर गाडी थरथरते. म्हणून जे सरकायचे ते इंजिन पुढे सरकले. त्यामुळे रेडिएटर पुढे न्यावा लागला. इंजिनचे फाउंडेशन रबराचे, खाली जाड पत्र्याचे कोनाधार. जीपची चेसिस पूर्वीच एके ठिकाणी कापलेली होती. नवे आधार मात्र बोल्टने जोडले, उद्या काढायचे झाले तर डाग राहू नये म्हणून. ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला घासत होते. ते कापून उथळ केले आणि तेल ओढणारी नळी तेवढीच वर घेतली. वेल्डिंग गळते का हे पाहायला बाहेरून खडू फासला आणि आत रॉकेल ओतून रात्रभर ठेवले. खडूवर डाग पडला नाही. पाट्यांना पुढे एक पान वाढवले, कारण डिझेल इंजिन जड. मोटारीत हे काम करणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढून ब्रेकच्या बूस्टरला निर्वात पुरवते. डिझेल इंजिनमध्ये तशी ओढ नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवला नाही तर ब्रेक दगडासारखा कडक लागतो. इंजिन सुरू झाले या आनंदात हे विसरणारे आम्ही पाहिले आहेत.

आता धंद्याचे गणित. हे पान त्यासाठीच आहे. ४०० मिलिमीटर चौरस आणि १६ मिलिमीटर जाड पाटाचे वजन सुमारे २० किलो भरते, मधले भोक पडल्यावर त्याहून कमी. लोखंडाचा बाजारभाव कोणालाही ठाऊक आहे. गिऱ्हाईक त्यावरून हिशेब करते आणि लेथवालाही संकोचून लोखंड अधिक लेथचे तास एवढेच मागतो. छाप घेणे, दोनदा मोजणे, लुकण दाबणे, डायल गेजच्या आठ खेपा, यातले काहीच बिलात येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की बिलात 'मोजमाप' ही वेगळी ओळ लिहिली पाहिजे आणि तिचे पैसे आगाऊ घेतले पाहिजेत, मग गिऱ्हाईक पुढे काम करो वा न करो. डॉक्टर तपासणीचे घेतो, वकील सल्ल्याचे घेतो. मापाचे पैसे मागायला लाज वाटायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठ्या नुकसानीची. १९८०-९० च्या काळात ज्या मिस्त्रींनी अशा जोडण्या केल्या, त्यांनी आपले पुठ्ठे खुंटीला टांगून ठेवले. मिस्त्री गेले, पोरे दुसऱ्या धंद्यात गेली, पुठ्ठे उंदरांनी खाल्ले. कोणत्या इंजिनला कोणता गिअर बॉक्स किती जाडीच्या प्लेटने बसतो, हे सारे ज्ञान त्याबरोबर गेले. ज्याच्याकडे मोजलेले रेखाचित्र आहे त्याला तीच जोडी दुसऱ्यांदा करायला तीन दिवस लागत नाहीत. आपल्या वस्त्यांतून लेथ आणि वेल्डिंगवर हात बसलेली मुले पुष्कळ आहेत. वहीवर बसलेली फार थोडी.

आता कायद्याचे, आणि हे वाचकांनी काळजीपूर्वक वाचावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली पूर्वी आरटीओची मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येत असे आणि तो आरसी बुकात चढत असे. आबांची जीप त्या काळातली. २००० साली हे कलम बदलले. कंपनीने मुळात दिलेल्या वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल आता करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी, हे वेगळेच. कायद्यात वाट उघडी आहे ती मान्यताप्राप्त संचाने इंधन बदलण्याची, जसे सीएनजी किंवा वीज. बारामतीचा एमएच ४२ असो की दुसरा कोणता क्रमांक, नियम सगळीकडे हाच.

म्हणून चाचा आता आरसी पाहिल्याशिवाय माप घेत नाहीत. बुकात जे इंजिन आहे त्याच्यासाठीच भाग बनवतात. कोणी भंगारातले इंजिन घेऊन आला तर खरेदीची पावती आणि इंजिन नंबर मागतात. चोरीच्या गाडीचे इंजिन शेडमध्ये सापडले तर पोलिसांच्या दारात पहिला उभा राहतो तो कारागीर, गिऱ्हाईक नव्हे.

याच ठिकाणी आबांच्या मुलाला एक धक्का बसला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जास्त झालेली गाडी या वर्गात नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. जीप वयाने पन्नाशीत आली होती. पण मूळ हरिकेन इंजिन १९९१ सालीच किलोवर विकले गेले होते. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा त्येचं पैसं भाड्यालाबी पुरलं न्हाईत."

ज्याला या धंद्यात उतरायचे आहे त्याने या घटनेत गिऱ्हाईक शोधावे. जुन्या जीप, फिआट, ॲम्बॅसेडर मूळ इंजिनासह उभ्या करणारे शौकीन पुण्या-मुंबईत वाढत आहेत आणि त्यांना बाजारात न मिळणारे बुश, ब्रॅकेट, पुली, पाण्याच्या पंपाचे भाग हवे असतात. मूळ इंजिनासाठी बनवलेल्या अशा भागाला कायद्याची आडकाठी नाही. दुसरी वाट विजेची. इलेक्ट्रिक मोटार जुन्या गिअर बॉक्सला जोडायची तरी मध्ये तीच प्लेट, तोच डायल गेज आणि तेच डॉवेल लागतात. मात्र असा संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मान्य झालेला असावा लागतो. शेडमध्ये बनवून थेट रस्त्यावर आणता येत नाही. ज्या कंपन्या असे संच बनवतात त्यांना थाउत काम करणारे हात लागणारच. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तेथून डिझेलच्या आपे रिक्षा निघाल्या आणि आता विजेवरच्याही निघतात. तेव्हा हा बदल काही परमुलखातला नाही.

जीप सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही शेडमध्येच होतो. पाऊस थांबला होता. आबांचा मुलगा बावड्याच्या रस्त्याने चार मैल जाऊन आला, दुसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम दाबून चालवली. गिअर बाहेर पडला नाही. चाचांनी हात पुसले, जुनी प्लेट भंगाराच्या ढिगात टाकायला निघालेल्या पोराला थांबवले आणि ती भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली. पुतण्याने वहीत जीपचा क्रमांक, प्लेटची जाडी आणि शेवटचे वाचन ४ थाउ असे लिहिले. तेवढ्यात भिगवणहून कोणाचा तरी फोन आला, जुन्या फिआटमध्ये डिझेल इंजिन बसवून मिळेल का म्हणून. पुतण्याने भाव सांगितला नाही. आधी आरसी बुकाचा फोटो पाठवा, म्हणाला.